लाल काचेचे दोन अंश

मामा, तुमची लाल काच जागेवरच होती. हे सगळ्यात आधी सांगून टाकते, कारण कुणी लांबण लावली की तुम्ही चष्मा काढून पुसायला लागायचात आणि म्हणायचात, "मुद्द्याचं बोल, माय." तर मुद्दा हा आहे. काच सरकलेली नव्हती, चूक माझी होती. तुम्ही जाऊन तेवीस दिवस झाले आणि मला हे कळून आज पाच. मधल्या अठरा दिवसांत मी तुमच्यासाठी रडले, तेव्हाही मनात कुठेतरी होतंच, की माणूस सोन्यासारखा होता पण शेवटच्या कामात जरा चुकला. त्याची आता फार लाज वाटते.

हळदीचे दिवस आहेत. अख्ख्या हट्टा गावात शिजवलेल्या हळदीचा वास भरलाय. लोक येतात, ओट्यावर टेकतात, "मामा लय चांगले व्हते" म्हणतात आणि कढई चढवायची आहे म्हणून उठतात. त्यांचं काही चुकत नाही, शिजायला आलेली हळद कुणासाठी थांबत नाही. ते गेले की मी दार लोटून घेते. मग संध्याकाळपर्यंत या दोन खोल्यांत माझ्याशिवाय कुणी बोलत नाही, आणि मी तरी कुणाशी बोलू?

गावाला तुमचं काम शेवटपर्यंत कळलं नाही. समुद्र पाहायला इथून दिवसभर आणि रात्रभर प्रवास करावा लागतो, आणि तुमची सगळी नोकरी गेली दीपगृहावर. पारावर चेष्टा व्हायची. "मामा, नुसता दिवा लावायचा पगार देत व्हतं व्हय सरकार?" तुम्ही न रागावता सांगायचात, "लावायचा न्हाई बाबा. इझू न देण्याचा." लग्न केलं नाहीत. का, ते विचारलं तर म्हणायचात की सलग आठ दिवसांची रजाच मिळाली नाही. निवृत्त झालात आणि बहिणीकडे, म्हणजे माझ्या आईकडे, एक लोखंडी पेटी घेऊन आलात. त्याच वर्षी मी सासर सोडून आले. पुढे आई गेली आणि घरात आपण दोघंच उरलो. गावानं आपल्याला नावं ठेवली असतील, पण आपल्याला भांडणातून ऐकायला सवड नव्हती.

आणि भांडण कशावरूनही. भाजीत तेल किती, पंखा किती वाजता बंद करायचा, मी परत नांदायला जावं की नाही. या शेवटच्या मुद्द्यावर तुम्ही एकदाच बोललात. "तुला जायचं नसंल तर नको जाऊ. पण बसून नको राहू." बचत गटातून फवारणीच्या ड्रोनचं प्रशिक्षण निघालं तेव्हा माझा अर्ज तुम्हीच भरलात, आणि मला विचारलंही नाहीत. मी दोन दिवस बोलले नव्हते तुमच्याशी. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षणाला गेले.

पहिल्यांदा सोयाबीनवर फवारणी केली त्या दिवशी तुम्ही छत्री घेऊन बांधावर उभे होतात. बाकी सगळे ड्रोनकडे बघत होते, तुम्ही माझ्या हातातल्या रिमोटच्या पडद्याकडे. घरी येताना म्हणालात, "हे दिव्याभवती फिरवता येतंय का?" मी हसले. तुम्ही हसला नाहीत. त्या संध्याकाळी जेवताना ताटातल्या भाकरीवर तुम्ही मला दीपगृह शिकवलंत. भाकरीच्या मधोमध दिवा. त्याचा उजेड चहूकडे जातो, पांढरा. मग भाकरीचा एक निमुळता तुकडा मोडून जरा बाजूला सरकवलात. या तुकड्याच्या दिशेला समुद्रात खडक आहे. म्हणून दिव्याच्या खोलीच्या तेवढ्याच तावदानाला लाल काच. होडीवाल्याला दिवा लाल दिसला की त्यानं समजायचं, आपण खडकाच्या अंगाला आलोय, आणि पांढरा दिसेपर्यंत वळायचं. "लाल कुठं सरतं आन् पांढरं कुठं लागतं, ती कड जिथल्या तिथं पाहिजे. बाकी सारी रंगरंगोटी." असं म्हणून तो तुकडा तुम्ही वरणात बुडवून खाल्लात.

ती कड तपासायला तुमच्या काळात होडी भाड्यानं घ्यावी लागायची. लाटांवर हलत, हातात होकायंत्र धरून, डोळ्यांनी बघायचं. तुमच्या शेवटच्या दीपगृहावर तुम्ही नवी लाल काच बसवलीत तेव्हा तिथले मासेमार नारायण तांडेल आपली होडी घेऊन तीन संध्याकाळी खडकाच्या कडेनं फिरले. ते फोनवर ओरडायचे, "लाल, लाल, लाल, पांढरा!" आणि तुम्ही वर काच नखभर इकडे, नखभर तिकडे करायचात. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की मी मधूनच "पांढरा!" ओरडून ती संपवून टाकायची. तुम्ही चिडायचात. मला मजा वाटायची.

पुण्याच्या एका लहानशा कंपनीला दीपगृहांची तपासणी ड्रोननं करायचं काम मिळालं, हेही तुम्हीच तुमच्या जुन्या ओळखीतून शोधून काढलंत. मला त्यांनी घेतलं. उजेड किती लांबून किती दिसतो, किती सेकंदांनी चमकतो, रंगाची कड कुठे पडते, हे सगळं ड्रोनवरचा कॅमेरा टिपतो. दिव्याच्या उंचीवर जायचं, तीनशे मीटर लांबून समुद्रावरून कमानीसारखी फेरी मारायची, की झालं. होडीवाल्यांच्या तीन संध्याकाळींचं काम पाऊण तासात. आणि माझ्या वाट्याला आलेल्या पहिल्याच यादीत तुमचं दीपगृह होतं. मी निघाले तेव्हा तुम्ही वसमतच्या स्टँडपर्यंत आलात. दीपगृहावरच्या अटेंडंटसाठी हळदीची पुडी दिलीत. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणालात, "वर जाशील तवा जिन्याला मोजून पाय दे. एकशे बारावी पायरी फसवी हाय." मी म्हणाले, "मामा, मला वर जायचंच न्हाई. तेच्यासाठीच तर ड्रोन हाय." तुमचा चेहरा उतरला होता का? मी नीट पाहिलं नाही.

आता माझी चूक ऐका. ही चूक समुद्रकाठचा माणूस कधी करणार नाही. ती आपल्या काळ्या रानाची चूक आहे. इथे चिखलात ड्रोनचे पाय रुततात म्हणून आपण ट्रॉलीवर फळी टाकून तिथून उडवतो. जिथून उडालं त्या जागेला यंत्र आपलं घर मानतं आणि सगळी अंतरं, सगळ्या दिशा त्या घरापासून धरतं. फवारणीत हे पुरतं. चार हात इकडे-तिकडे झालं तरी सोयाबीन काही तक्रार करत नाही. दीपगृहाच्या कामात मात्र एक वेगळा रकाना होता, दिव्याची नेमकी जागा भरायचा. मी तो मोकळा ठेवला. शेतात मी तो कायमच मोकळा ठेवत आले होते. आवारात पाण्याच्या टाकीचा छान सपाट स्लॅब होता, मनोऱ्यापासून पंधरा पावलांवर. मी तिथूनच उडवलं, आणि यंत्रानं टाकीलाच दिवा समजून सगळे कोन मोजले.

घरी आले ती कागद फडकवत. लाल काच दोन अंश दक्षिणेला. मी तुमच्यापुढे आलेख ठेवला, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. तुमच्या कामात काही सापडलं याचा नव्हे, मला काही सापडलं याचा. तुम्ही कागद खूप वेळ पाहिलात. मग विचारलंत,

"तू कुठं उभी व्हतीस?"

"टाकीवर. काहून?"

"तिथून दिवा कुठं हाय?"

"मामा, मी कुठंबी उभी असंना. ड्रोन वर व्हता. त्याला सतरा-सतरा उपग्रह दिसून राहिले. त्याला काय होडीवानी लाटा लागतात?"

"तसं न्हाई माय. मी म्हन्तो, मोजताना माणूस कुठं उभा राहिला, ते…"

"डोळ्यांनी मोजायचे दिस गेले आता."

हे वाक्य माझं आहे. मी कुणाचंही नाव पुढे करू शकत नाही. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात आणि म्हणालात, "बराबर हाय." मला वाटलं मी जिंकले. तुम्ही मला उत्तर अगदी हातात ठेवलं होतं, मामा. आणखी एक शब्द मी तुम्हाला बोलू दिला असता तर जेवणाच्या आत सगळं निस्तरलं असतं. पण तुम्ही जन्मभर साहेबांपुढे गप्प बसलेले, आणि त्या दिवशी मी साहेब झाले होते.

रात्री भांडी घासताना तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. "दोन अंश म्हंजी खडकापाशी किती व्हतंय?" मी ओल्या हातानं मोबाइलवर हिशेब केला. खडक तिथून दोन किलोमीटर. "सत्तर मीटर," मी सांगितलं. "सत्तर मीटर," तुम्ही म्हणालात, आणि ताट उचलून ठेवल्यासारखा हात हलवून आत गेलात. हा प्रश्न तुम्ही का विचारलात, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारपणाची चिकाटी आहे.

त्यानंतर तुम्ही भांडायचे थांबलात. पंखा मी म्हणेन तेव्हा बंद. भाजी कशीही झाली तरी "चांगली झाली." मला ते बरं वाटत होतं, याचाही मला आता राग येतो. एकदाच तुम्ही म्हणालात, "आपण सिद्धेश्वरच्या धरणावर जाऊन करून पाहू का? पाणी उतरलंय, मोकळं रान पडलंय. बॅटरी घेऊ, लाल कागद लावू, चालत जाऊन कड पाहू. मंग तुझं यंत्र काय म्हन्तं, ते पाहू." मी म्हणाले, पुढच्या रविवारी. त्या रविवारी हरभऱ्याची फवारणी होती. पुढच्या रविवारी आखाडा बाळापूरला गटाची बैठक. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्हाला दम लागला आणि आपण नांदेडला दवाखान्यात होतो. तिथेही नर्सनं तकलीफ काय म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात, "काई न्हाई." मला एकदा जवळ बोलावलंत. मी कान तोंडाशी नेला. तुम्ही नुसतं "जेवलीस का?" विचारलंत. चौथ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. मी खाली चहा आणायला गेले होते.

जलदान विधी झाला. पाहुणे गेले. मग एका दुपारी मला राहवेना. तुमचा शब्द मोडला होता तेवढा तरी पुरा करावा म्हणून, खरं म्हणजे घरात बसवत नव्हतं म्हणून, मी ड्रोन गाडीला बांधला आणि सिद्धेश्वरला गेले. पाणी खरंच खूप मागे गेलं होतं. भेगाळलेला गाळ, त्यात कुणीतरी लावलेले कलिंगडाचे वेल, लांबवर मासेमारांच्या दोन होड्या. मी काठीला तुमची बॅटरी बांधली. तिच्या अर्ध्या तोंडाला लाल कागद चिकटवला. दिवेलागणीला ती पेटवली आणि दूर जाऊन कमानीनं चालायला लागले. तोंडानं म्हणत होते, लाल, लाल, लाल. एका पावलाला पांढरा. तिथे मी दगड ठेवला. मागे फिरून परत चालले, परत त्याच पावलाला. डोळ्यांनी, मामा, नुसत्या डोळ्यांनी.

मग ड्रोन उडवला. सवयीनं गाडीशेजारच्या खडकावरून. यंत्रानं कड दगडापासून बरीच बाजूला दाखवली. मी चिडले. दुसऱ्यांदा जरा पुढून उडवला, तर कड आणखी तिसरीकडे. तिसऱ्यांदा ड्रोन थेट काठीच्या बुंध्याशी ठेवला आणि तिथून उडवला. कड दगडावर आली. मी उभी राहायची जागा बदलली की दिवा सरकत होता. बॅटरी तर जागची हलली नव्हती. तेव्हा तुमचा प्रश्न मला कळला, आणि मी त्या गाळात मटकन खाली बसले. एक मासेमार होडी ओढून वर येत होता, त्यानं विचारलं, "काय झालं बाई, पडलं का यंत्र?" न्हाई म्हणाले आणि ड्रोन उचलून गाडीला बांधला.

रडायला फार वेळ नव्हता. माझ्या अहवालावरून तुमची काच हलवायचा हुकूम निघालेला होता. कंपनीच्या साहेबांना तिथूनच फोन केला. ते म्हणाले, "काच परवाच सरकवली. तू हे लेखी देशील?" देईन म्हणाले. "पुढचा दौरा मिळेल याची खात्री नाही देता येणार." नका देऊ म्हणाले. म्हणजे बघा, तुम्ही गेल्यावर तुमचा दिवा खरोखर दोन अंश चुकला, आणि तो मी चुकवला. रात्री नऊ वाजता अटेंडंटनं फोन उचलला. कागद आल्याशिवाय मला हात लावता येत नाही म्हणाला, पण होड्यांना सांगून ठेवायला नारायण तांडेलांचा नंबर दिला.

ते नाव तुमच्याकडून ऐकून ऐकून मला तोंडपाठ झालेलं, आणि आवाज पहिल्यांदा ऐकत होते. मी तुमची भाची म्हणून सांगितलं, काच म्हणाले आणि ते हसलेच. "बाय, आम्हाला दुसऱ्याच संध्याकाळी कळलं. खडक आमच्या घरातला आहे. कुणी जात नाही तिकडे. तू घाबरू नको." मग म्हणाले, "मामांना दे जरा." तुम्ही गेल्याचं मी सांगितलं. मग ते तुमच्याबद्दलच बोलत राहिले.

दोन दिवसांनी काच जागेवर आली. तांडेलांनी स्वतः होडी काढून पाहिलं आणि मला कळवलं. माझं लेखी पत्र गेलंय. त्यात अमुक तांत्रिक कारण वगैरे लिहा असं साहेबांनी सुचवलं होतं. मी लिहिलं, की दिव्याच्या जागेचा रकाना भरला नाही, चूक पूर्णपणे माझी, आणि आधी काच बसवणाऱ्याचं काम अचूक होतं. खाली सही केली. तुमचं नाव लिहायला पत्राच्या नमुन्यात जागा नव्हती, तरी समासात लिहिलं. आता बोलावतील की नाही, बघू. फवारणी आहेच.

पण त्या पहिल्या फोनवर तांडेलांनी शेवटी जे सांगितलं ते तुम्ही मला कधी कळू दिलं नाहीत. तुम्ही निवृत्त झाल्याच्या पुढच्या पावसाळ्याआधी त्यांची होडी त्या खडकाला लागून फुटली होती. माणसं पोहून आली, होडी गेली. मी कागद फडकवत घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना फोन केलात. मी शेतात होते तेव्हा. आणि माफी मागितलीत. तांडेल म्हणाले, "मी त्यांना हजारदा सांगितलं, अहो मामा, भर दुपार होती, इंजिन बंद पडलं नि पाण्यानं ओढत नेलं. दिव्याचा काय संबंध? पण ऐकायलाच तयार नाहीत. मी म्हटलं, तुम्ही आम्ही मिळून तीन संध्याकाळी कड लावली, मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. तर म्हणाले, न्हाई तांडेल, सत्तर मीटरचा फरक हाय. माझी भाची मोजून आली. ती चुकायची न्हाई."

घरात माझ्यापुढे तुम्हाला शंका होती. बाहेर, ज्याची होडी फुटली त्या माणसापुढे, तुम्ही माझ्या कागदाची बाजू घेतलीत. स्वतःच्या डोळ्यांवरच्या विश्वासावर पाणी सोडलंत आणि भर दुपारी फुटलेल्या होडीचा दोषही अंगावर घेतलात. तीन महिने तो घेऊन माझ्यासमोर बसून जेवलात.

ती चुकायची न्हाई. हे तुम्ही मला एकदा तोंडावर म्हणायचं होतं, मामा. इतका भरवसा आहे असं कळलं असतं, तर भीतीनं मी त्याच दिवशी पुन्हा मोजलं असतं.